ठोंबरे बाबूंचं लाकडी रिव्हॉल्वर

बंदुकीतलं मला जे काही कळतं, ते एका अशा माणसानं शिकवलं ज्यानं जन्मात कधी बंदूक हातात धरली नव्हती. हे मी त्यांच्या तोंडावर एकदा बोलूनही दाखवलं होतं. ठोंबरे बाबूंनी चष्मा कपाळावर चढवला, बडीशेपेची डबी माझ्यापुढे सरकवली आणि म्हणाले, "पोरी, लग्न लावणाऱ्या भटजीले तू विचारते का, तुमचे स्वतःचे किती लग्न झाले म्हणून?"

रायपूर राजधानी झालं त्याच्या पुढच्याच वर्षी मी एका सरकारी ऑफिसात शस्त्र शाखेत लागले. माहेर गोंदियाचं, नवरा रेल्वेत, आणि बंदूक मी पाहिलेली ती बँकेच्या दारावरच्या चौकीदाराच्या खांद्यावर. शाखा म्हणजे एक लांबट खोली, तीन कपाटं, मी, एक शिपाई आणि ठोंबरे बाबू. ते लहान असताना त्यांचे वडील नोकरीसाठी अकोल्याहून रायपूरला आले ते इथल्या तात्यापारा मोहल्ल्यातच राहिले. बाबू माझ्याशी मराठी बोलत, लोकांशी हिंदी, शिपायाशी छत्तीसगढी आणि फाइलशी इंग्रजी. खिशात दोन पेनं आणि एक पेन्सिल. पेनं स्वतःच्या सहीसाठी, पेन्सिल दुसऱ्यांच्या चुकांसाठी. पेन्सिल महिन्याला संपायची, पेनं वर्षभर पुरायची.

आधी म्हणे या शाखेत आठवड्याला चार माणसं यायची. राजधानी झाली आणि रांग लागली. ठेकेदार, बिल्डर, जमिनीचे दलाल, नुकते पुढारी झालेले, पुढारी होऊ घातलेले. माणसाकडे पैसा आला की तो आधी गाडी घेई, मग तेलीबांध्याकडे प्लॉट, आणि मग लायसन्सचा अर्ज टाकी. कशासाठी पाहिजे, या रकान्यात सगळे 'आत्मरक्षा' लिहीत. ठोंबरे बाबू तो शब्द वाचून समोरच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहत आणि शांतपणे विचारत, "किससे?" निम्मे लोक तिथेच गडबडत.

लायसन्स द्यायचं की नाही हे साहेब ठरवत. पण लायसन्स हातात पडलं की माणसाला घाम फुटे, कारण ठरलेल्या मुदतीत हत्यार घ्यावं लागे आणि घ्यायचं कोणतं ते कुणालाच ठाऊक नसे. सिनेमा पाहून आलेले असत. मग त्यांना ठोंबरे बाबूंच्या टेबलापुढच्या खुर्चीत बसवलं जाई, आणि बाबू एकेक प्रश्न विचारत. बंदुकीबद्दलचा एकही नाही. घरात कोण कोण आहे? सगळ्यात जास्त राग कोणाला येतो? दारू कोण पितो? मुलं किती, आणि कपाटाच्या किल्ल्या कुठे असतात? एका बिल्डरनं मला बाजूला घेऊन विचारलं होतं, "दीदी, ये बंदूक दिला रहे हैं कि रिश्ता जोड़ रहे हैं?"

त्यांचा सल्ला मात्र वर्षानुवर्षं एकच. पहिल्यांदा घेणाऱ्यानं साधी दुनाली, दोन नळ्यांची बंदूक, घ्यावी. मधून उघडली की दोन्ही नळ्या आरपार दिसतात. रिकामी आहे की भरलेली हे चष्मा नसतानाही कळलं पाहिजे. रायफल शिकाऱ्याची, आणि शिकार तर बंद आहे. रिव्हॉल्वर खिशात मावतं म्हणून लोकांना आवडतं, आणि खिशात मावतं म्हणूनच ते लग्नात, भांडणात, पानठेल्यावर सगळीकडे सोबत जातं. "जे घरी विसरून जाता येते, ते हत्यार चांगलं," असं ते म्हणत.

एवढं सांगूनही समोरच्यानं रिव्हॉल्वरच पाहिजे म्हटलं, की बाबू खालचा ड्रॉवर उघडत. त्यात एक लाकडी रिव्हॉल्वर होतं. तात्यापाऱ्यातल्या सुताराकडून सागाचं कोरून घेतलेलं, आत शिसं भरून खऱ्याच्या वजनाचं केलेलं, आणि कोणी भलता समज करून घेऊ नये म्हणून वरून लालभडक रंगवलेलं. ते समोर ठेवून ते म्हणत, हे आठ दिवस घरी न्या. खरं जिथे ठेवणार तिथेच ठेवा. नवव्या दिवशी मी फोन करीन आणि तुमच्या बायकोला, आईला, पोरांना विचारीन, ते कुठे आहे. एकानंही सांगितलं तर तुमची जागा चुकली.

असा कोणताही नियम नव्हता. पण लोकांना तो नियम वाटे, आणि ठोंबरे बाबूंनी तो नियम नाही असं कुणाला कधी सांगितलं नाही. मी एकदा विचारलं, काका, हे बरोबर आहे का? तर म्हणाले, "मी कोणाले जबरदस्ती करून राहिलो का? मी फक्त गंभीर चेहरा करतो."

या परीक्षेत जवळपास सगळे नापास होत. एकानं देवघरात ठेवलं, तर आईनं त्याला हळदकुंकू वाहिलं. एकानं धान्याच्या कोठीत ठेवलं, ते मोलकरणीनं दुसऱ्याच दिवशी चिमट्यात धरून बाहेर आणलं. पण पंडरी बाजारातल्या त्या कापडवाल्या शेठची गोष्ट बाबू दर दिवाळीला सांगत. या शेठनं मोठ्या हुशारीनं लाकडी रिव्हॉल्वर दुकानामागच्या गोदामात एका गठ्ठ्यात, साड्यांच्या मधोमध खुपसलं. घरच्यांना कळणं शक्यच नव्हतं. पाचव्या दिवशी मुनिमानं तो गठ्ठा धमतरीच्या व्यापाऱ्याला पाठवून दिला. धमतरीच्या व्यापाऱ्यानं गठ्ठा उघडला, आत लालभडक रिव्हॉल्वर पाहिलं आणि समजला की मागच्या मालाची तक्रार केली म्हणून शेठनं धमकी पाठवली. दोन दिवस त्यानं फोन उचलला नाही. शेवटी शेठ स्वतः जाऊन, हात जोडून ते परत घेऊन आले आणि बाबूंच्या टेबलावर ठेवून म्हणाले, बाबूजी, दुनालीच लिहा.

त्या दिवशी ठोंबरे बाबू इतके खूश होते की त्यांनी शिपायाला स्वतःच्या हातानं चहा ओतून दिला.

सगळंच असं हसण्यासारखं नव्हतं. एकदा एक तिशीचा माणूस आला. भावाशी जमिनीचं भांडण, आवाज बसलेला, पायाचा अंगठा सारखा हलत होता. कागद सगळे बिनचूक होते. ठोंबरे बाबूंनी पेन्सिल काढली आणि त्या बिनचूक कागदांत चूक काढली. पुढच्या खेपेला दुसरी, त्याच्या पुढच्या खेपेला तिसरी. असे त्यांनी त्याला पाच महिने फिरवले. मला ते सहन झालं नाही. मी म्हटलं, काका, नाही म्हणायचा अधिकार साहेबांना आहे, तुम्हाला नाही. आणि बाहेर लोक म्हणतात की बाबूला काहीतरी पाहिजे आहे म्हणून अडवून राहिला. ते बराच वेळ डबीचं झाकण उघडझाप करत राहिले. मग म्हणाले, "बरोबर नाही केलं मी. पण केलं." तो माणूस पुढे यायचाच थांबला. त्याचं काय झालं ते आम्हाला कधी कळलं नाही, आणि बाबूही ती गोष्ट कधी सांगत नसत. मीच सांगतेय.

आणि आता ते बंदुकीला हात न लावण्याचं. एकदा एक निवृत्त सुभेदार नंबर तपासायला म्हणून आपली दुनाली थेट घेऊन आले आणि ती त्यांनी टेबलावर आडवी ठेवली. ठोंबरे बाबूंची खुर्ची आपोआप दोन फूट मागे गेली. नंबर वाचून दाखवा, मी लिहून घेतो, म्हणाले. सुभेदार म्हणाले, तुम्हीच वाचा, इथे कोरलेला आहे. बाबू म्हणाले, नियमानं धारकानंच वाचायचा असतो. मी रजिस्टरमागे तोंड लपवलं. सुभेदार गेल्यावर ते माझ्याकडे न पाहताच म्हणाले, "हसू नको. खरं हत्यार ठाण्यात राहते. आपलं हत्यार कागद."

मग ते निवृत्त झाले. हार, नारळ, शाल, साहेबांचं भाषण. लाकडी रिव्हॉल्वर मी त्यांना घरी नेऊ दिलं, नाहीतरी ते सरकारी मालमत्तेच्या यादीत कुठे चढलेलं नव्हतं. जाताना सगळ्यांना सांगून गेले, कोणालाही काही विचारायचं असलं तर घरी पाठवा, मी आहे. त्यांनी ओसरीत दोन जादा खुर्च्या मांडल्या. शालूकाकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, कपांचा नवा सेट काढला. पहिल्या महिन्यात तिघं आले, दुसऱ्या महिन्यात एक, आणि तो पत्ता विचारायला. लोक आता सरळ दुकानात जाऊन काचेतलं बोटानं दाखवत. त्या खुर्च्यांवर काकू पापड वाळत घालू लागल्या.

साधारण वर्षानं माझ्या खिडकीत एक अर्ज आला. अक्षर पाहूनच मी ओळखलं. अर्जदार, ठोंबरे. कशासाठी, आत्मरक्षा. मी मान वर केली तर इस्त्रीच्या शर्टात बाबू उभे. मी शक्य तितक्या गंभीरपणे विचारलं, "किससे?"

ते लाजले. खरंच लाजले. मग खिडकीतून आत वाकून हळूच म्हणाले, "सुनंदा, इतक्या लोकांले सांगितलं कोणतं घ्या. मले कोणी नाही विचारलं, ठोंबरे, तुमचं कोणतं."

त्यांच्या तोंडून एवढं सरळ वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं. तेव्हा मला कळलं की त्यांना चोराची भीती नव्हती. आपण आता कुणाच्याच हिशेबात नाही, याची भीती होती. हत्यार हातात आलं की ते पुन्हा ठोंबरे बाबू होणार होते.

चौकशीला ठाण्यातून शिपाई घरी गेला. काकूंनी त्याला चहा दिला आणि सांगितलं, बंदूक द्या त्यांना, गोळ्या तेवढ्या देऊ नका. त्यानं ते लिहून घेतलं नाही हे नशीब. लायसन्स झालं, वर्षाची मुदत पडली, आणि बाबूंची निवड सुरू झाली. आधी दुनाली ठरली. साहजिकच होतं, आयुष्यभर तेच सांगत आले होते. पण रोज संध्याकाळी फिरायला म्हणून निघून ते बंदुकीच्या दुकानात जाऊन बसू लागले, आणि एकदा मीही सोबत गेले तेव्हा पाहिलं, ते दुनालीकडे बघतही नव्हते. काचेच्या कपाटात खालच्या फळीवर एक बत्तीस बोरचं काळंभोर रिव्हॉल्वर होतं, त्याच्यासमोर हात पाठीमागे बांधून उभे होते. दुकानदारानं हातात घेऊन पाहा म्हटलं की म्हणत, घाई काय आहे, मुदत आहे. काकू म्हणाल्या, "मले पाहाले आले होते तर चहा पिऊन होकार देऊन गेले. याले आठ महिने झाले पाहून राहिले."

मी चिडवलं, काका, रिव्हॉल्वर खिशात मावतं म्हणूनच वाईट ना? ते म्हणाले, लोकांना दिलेला सल्ला लोकांसाठी असतो. पण मनात लागलं असावं. कारण दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला की आठ दिवसांची परीक्षा मी स्वतः देणार आहे, आणि आपली परीक्षा आपल्याला घेता येत नाही म्हणून परीक्षक तू. त्याच संध्याकाळी पुन्हा फोन आला आणि तीच गोष्ट त्यांनी पहिल्यापासून सांगितली. मला वाटलं, उत्साह आहे.

नववा दिवस रविवार होता. मी सकाळी तात्यापाऱ्यात पोचले तेव्हा काकू पोहे करत होत्या आणि हरल्या होत्या. त्यांनी आठ दिवस सगळं घर पालथं घातलं होतं. डाळतांदळाचे डबे, गाद्यांची पेटी, देवघर, कूलरची मागची बाजू, सगळं. लाल रंगाचं एवढं थोराड लाकूड आणि कुठे म्हणजे कुठे नाही. बाबू पाटावर बसलेल्या नवरदेवासारखे बसले होते. मी पोह्यांची बशी मांडीवर घेऊन निकाल दिला की इतक्या वर्षांत एवढं चोख कुणी लपवलेलं नाही, तुम्ही पहिल्या नंबरात पास.

"मंग?" ते काकूंकडे पाहून म्हणाले.

मी म्हटलं, आता काढून दाखवा.

ते उठले. लोखंडी कपाटाकडे गेले, वरच्या कप्प्यात हात घातला, आणि हात तिथेच राहिला. मग "अरे हो" म्हणून मधल्या खोलीत गेले. तिथून ट्रंक ओढल्याचा आवाज आला. काकू हसत मला म्हणाल्या, नाटक करून राहिले. मीही हसले. ट्रंक झाली, मग माळा झाला. मग ते स्वयंपाकघरात गेले, जिथे ते एरवी पाण्याशिवाय कशाला जात नसत. मी ओरडून म्हटलं, काका, आम्हाला मिनिटं मोजता येतात. आत डब्यांची झाकणं एकामागून एक उघडत राहिली. काकूंचं हसू आधी थांबलं, माझं नंतर.

परत आले तेव्हा त्यांच्या शर्टाला चुना लागला होता. खुर्चीत बसले, चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला.

"ठेवलं तर होतं," ते म्हणाले. आणि थोड्या वेळानं, अगदी खालच्या आवाजात, "सुनंदा, ते खरं असतं तर?"

काकूंनी पोहे पुढे केले आणि म्हणाल्या, खा आधी, थंड होऊन राहिले. मग मला दारापर्यंत सोडायला आल्या तेव्हा तिथे सांगितलं, की महिन्यापूर्वी दूध आणायला गेलेले हे दुपारी दोनला आले, ओळखीच्या रिक्षावाल्यानं आणून सोडलं. कुणाला सांगू नको म्हणाले होते. मघाच्या हसण्याची लाज घेऊन मी घरी आले. दुसऱ्यांच्या घरात काय चुकू शकतं हे ज्या माणसानं आयुष्यभर मोजलं, त्याचं स्वतःच्या घरात नेमकं हेच चुकावं, याचा मला राग आला. कुणावर ते मला सांगता येणार नाही.

ते लाकूड सापडलं नाही. त्या दिवाळीला घर रंगवलं, तेव्हाही नाही.

मुदतीचा महिनाभर राहिला होता. मी आणि दुकानदार, दोघांनी मिळून सोपा रस्ता काढला. हत्यार घेऊ नका, मुदत वाढवायचा अर्ज करू नका, गप्प बसा. आपोआप सगळं संपेल आणि कुणाला काही कळणार नाही. मी हे सांगायला गेले तर बाबूंनी नीट ऐकून घेतलं. त्या दिवशी ते अगदी पहिल्यासारखे होते. म्हणाले, "मुदत निघून गेली तर रेकॉर्डवर काय राहीन? की ठोंबरे विसरला. मी विसरलो नाही. मी ठरवलं, असं राहाले पाह्यजे."

आणि ते आले. मधल्या काळात रांग आणखी लांब झाली होती. मी आत बोलावत होते, तरी शिस्तीत रांगेत उभे राहिले. लायसन्स रद्द करण्याचा अर्ज घरून लिहून आणला होता, फक्त कारणाचा रकाना कोरा होता. मी म्हटलं, 'वैयक्तिक' लिहा, चालतं. त्यांनी मान हलवली. वैयक्तिक लिहिलेले अर्ज त्यांनी स्वतः कितीतरी परत केले होते. पेन काढलं आणि ठळक अक्षरात लिहिलं, 'वस्तू ठेवलेली जागा लक्षात राहत नाही, करिता हत्यार बाळगण्यास मी योग्य नाही.' खाली सही केली. मी शिक्का मारला, पावती फाडून दिली. त्यांनी पावतीवरची तारीख वाचून पाहिली, घडी केली, खिशात ठेवली.

त्यांच्या मागे एक तरुण ठेकेदार उभा होता, हातात कोरं करकरीत लायसन्स. बाबूंनी ते पाहिलं आणि विचारलं, पहली बार ले रहे हो? तो हो म्हणाला. मी आतून खुर्ची बाहेर देववली. पुढची वीस मिनिटं ठोंबरे बाबू बोलत होते. घरात कोण कोण, राग कोणाला, किल्ल्या कुठे, दुनाली मधून उघडते ती का, रिव्हॉल्वरचा मोह कसा टाळायचा. एक शब्द अडला नाही, एक मुद्दा सुटला नाही. रांगेतली आणखी चारपाच माणसं पुढे सरकून ऐकू लागली. एकजण तर लिहून घेत होता. मी काम थांबवून बघत बसले. त्यांना असं मी कित्येक दिवसांत पाहिलं नव्हतं.

ठेकेदार त्यांच्या पाया पडून गेला. बाबू थोडा वेळ तसेच बसून राहिले, इकडेतिकडे पाहत. मग उठून माझ्या खिडकीपाशी आले, शर्ट नीट केला, आणि माझ्याकडे पाहून, ज्यांनी मला सुनंदा आणि पोरीशिवाय कधी काही म्हटलं नव्हतं त्यांनी, फार अदबीनं विचारलं, "मॅडम, माझं काम झालं का?"

मी म्हटलं, "झालं, काका. पावती तुमच्या खिशात आहे."

त्यांनी खिसा चाचपून पाहिला, मान डोलावून "हव" म्हणाले, आणि मागच्या माणसाला वाट देण्यासाठी बाजूला झाले.